लघुपट वेळ वाचवण्यासाठी नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लघुपटांवर अर्धं पान आलं, ते पाहून आनंद झाला. वाचून झाल्यावर तो बराचसा ओसरला. लेखात दोन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. हल्ली कुणाला वेळ नाही म्हणून लघुपट आवडतात, ही एक. होतकरू दिग्दर्शकाला मोठ्या चित्रपटाकडे नेणारी ती पहिली पायरी आहे, ही दुसरी. दोन्ही विधानं इतक्या वेळा कानांवर पडली आहेत की त्यांचा पुरावा कुणी मागतच नाही. मी मागते, कारण माझं सगळं आयुष्य संकलनाच्या टेबलाशी गेलं. आधी स्टीनबेक या संकलनाच्या यंत्रावर फिल्म कापून टेपने जोडली, पुढे तेच काम संगणकावर केलं. पूर्ण लांबीचे चित्रपट केले, लघुपटही केले. आता निवृत्त आहे आणि महोत्सवांकडे आलेल्या लघुपटांची पहिली चाळणी करून देते. म्हणजे चांगल्यांपेक्षा वाईट लघुपटच जास्त पाहिले आहेत, तेव्हा हे पत्र भक्तिभावाने लिहिलेलं नाही.

आधी वेळेबद्दल. वेळ नाही म्हणणारी हीच माणसं रात्री एखादी मालिका लावतात आणि एकामागून एक भाग बघत पहाट करतात. तिथे वेळ कुठून येतो? २०२० साली अमेरिकेत क्विबी नावाची सेवा निघाली होती. दहा मिनिटांच्या आतले भाग, खास फोनवर बघण्यासाठी केलेले. नावाजलेले कलावंत होते, पावणेदोन अब्ज डॉलरचं भांडवल होतं. एप्रिलमध्ये सुरू झालेली ही सेवा त्याच वर्षी डिसेंबरात बंद पडली. कारणं बरीच सांगितली गेली, महासाथीचंही नाव झालं. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथल्या कितीतरी गोष्टी मुळात लांब होत्या, त्यांचे फक्त लहान लहान तुकडे केले होते. तुकडा दहा मिनिटांत संपतो, गोष्ट संपत नाही. लोकांना नुसतं आखूडपण हवं असतं तर ते तिथे धावले असते.

फोनवर बोटाने वर सरकवत जायचे व्हिडिओ हाही लघुपटाचाच प्रकार, असंही त्या लेखात ओझरतं म्हटलं होतं. त्या व्हिडिओंची रचनाच अशी असते की एक संपता संपता दुसरा सुरू व्हावा, मध्ये फट राहू नये. लघुपट त्या फटीवरच जगतो. तो संपल्यावर लगेच पुढचं काही सुरू झालं की अर्धा लघुपट वाया गेला असं समजा. महोत्सवांत एका खेळात सलग पाच-सहा लघुपट दाखवतात, तेव्हा कार्यक्रम लावणाऱ्याचं खरं कसब हेच असतं की कशानंतर काय लावायचं आणि मध्ये पडदा किती सेकंद काळा ठेवायचा. हे काम कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तर मात्र लगेच जाणवतं.

आता पायरीबद्दल. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्राँ कॅफेत लुमिएर बंधूंनी तिकीट लावून जो खेळ केला, त्यात दहा चित्रपट होते आणि एकेक मिनिटभरसुद्धा चालत नव्हता. कॅमेऱ्यात सुमारे सतरा मीटरच फिल्म मावायची. त्या दहांतला एक तर सरळ सरळ गोष्ट सांगतो: माळी पाणी घालतोय, एक पोरगा मागून नळीवर पाय देतो, पाणी थांबतं, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय काढतो. पुढचं आपण बघायच्या आधीच आपल्याला कळतं आणि तरी हसू येतं. म्हणजे सिनेमा जन्मला तेव्हा तो लघुपटच होता. तासाभराहून लांब पहिला कथापट ऑस्ट्रेलियात झाला, तो १९०६ साली. वयाचाच मान द्यायचा तर लघुपट थोरला ठरतो, आणि थोरल्याला धाकट्याची पायरी म्हणणं काही बरं दिसत नाही.

लघुपटात हात साफ करून मग मोठा चित्रपट केलेले दिग्दर्शक पुष्कळ आहेत, हे कबूल. ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ यायचा होता. पण म्हणून ‘पिस्तुल्या’ बघताना आपण ‘फँड्री’ची वाट बघत बसत नाही. आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मन मॅकलॅरन आहेत. या माणसाने कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात आयुष्य काढलं, जगभर नाव कमावलं, आणि पूर्ण लांबीचा एकही चित्रपट केला नाही. त्यांचा १९५२ चा ‘नेबर्स’ आठ मिनिटांचा आहे. दोन शेजारी, मधल्या हद्दीवर उगवलेलं एक फूल, आणि त्यावरून जुंपलेली मारामारी. खरी माणसं उभी करून, त्यांना बाहुल्यांसारखं थोडं थोडं हलवत एकेक चौकट चित्रित केलीय; त्यामुळे माणसं बसल्या जागी घसरतात, हवेत तरंगतात. ध्वनीसाठी वाद्यवृंद बोलावला नाही. फिल्मच्या ध्वनिपट्टीवरच रेषा आणि आकार उमटवले, प्रोजेक्टरने ते वाचले, आणि त्यातून जे किरकिरं, टोकदार संगीत निघालं ते त्या भांडणाला असं चिकटून बसलंय की दुसरं काही सुचणार नाही. फिल्म हाताळलेल्या माणसाला हे ऐकताना बोटांत शिरशिरी येते. शेवटी वेगवेगळ्या भाषांत शेजाऱ्यावर प्रेम करण्याची पाटी येते, ती मात्र मला आजही नकोशी वाटते. तोवर सगळं दिसलेलं असतं.

मग लघुपटाची ओढ नेमकी कशाची? मला कळलं तेवढं एका कामाच्या आधाराने सांगते. एका विद्यार्थ्याचा लघुपट माझ्याकडे आला होता. शाळेत जाणारी मुलगी आपल्या निरक्षर वडिलांना सही करायला शिकवते, एवढीच गोष्ट. पहिला कट सतरा मिनिटांचा होता. वडील कामावर, मग वडील बँकेत, रांगेतले लोक बघत असताना अंगठा उठवतात, कारकून कागद सरकवतो, वडील घराकडे चालत येतात, मागे करुण सूर. त्यानंतर मुलगी, वही आणि पेन. बँकेचा प्रसंग उत्तम चित्रित झाला होता आणि परवानगीसाठी त्या पोराने खूप चपला झिजवल्या होत्या. मी तो अख्खा काढला. वहीच्या कोऱ्या पानापासून चित्रपट सुरू केला. वडील पेन धरतात त्या क्लोजअपमध्ये त्यांच्या अंगठ्यावर शाईचा निळा डाग दिसतो. बँकेचं चित्रण आधी झालं होतं, त्या वेळची शाई नीट धुतली गेली नव्हती. कुणी मुद्दाम लावलेली नव्हती. रांग, कारकून, बघणारे लोक, सगळं त्या डागात होतं. दिग्दर्शक काही दिवस माझ्याशी बोलला नाही. मग एका मित्राला काही न सांगता त्याने तो कट दाखवला. मित्राने आपण होऊन विचारलं, यांना नुकताच कुठे अंगठा द्यावा लागला का? त्यानंतर बँकेचा विषय निघाला नाही.

शेवटावर मात्र खरी घासाघीस झाली. वडील सही करतात, पण एक अक्षर गाळून. मुलगी कागदाकडे बघते, मग मान वर करून वडिलांकडे बघते. पटकथेत पुढे ती हसून त्यांना मिठी मारत होती, आणि ती मिठी चित्रितही झाली होती. आम्ही नजर वर उठते तिथेच कापायचं ठरवलं. पण ‘तिथेच’ म्हणजे कुठे? सेकंदाच्या चोवीस फ्रेमा असतात. आठ फ्रेमा आधी कापलं तर तिला चूक दिसली हेच कळत नव्हतं. आठ फ्रेमा नंतर कापलं तर तिने काय करायचं ठरवलंय ते चेहऱ्यावर वाचता येत होतं. आम्हाला मधला क्षण हवा होता, दिसलंय पण ठरलेलं नाही असा. तो सापडला तेव्हा चित्रपट नऊ मिनिटांचा झाला होता. खेळ संपल्यावर जिन्यात दोन अनोळखी प्रेक्षक तावातावाने वाद घालत होते. एक म्हणत होता, ती सांगणार; दुसरा म्हणत होता, मुळीच नाही, ती आता आयुष्यभर तीच सही चालवून घेईल.

हा वाद दोन तासांच्या चित्रपटात होत नाही. तिथे त्या नजरेनंतर दुसरी सकाळ दाखवावी लागते. प्रेक्षकाने आपली अख्खी संध्याकाळ दिलेली असते, तो हिशेब मागतो, आणि त्याने मागावाच. लघुपटाकडे तो हिशेब मागत नाही. उरलेलं काम त्याचं त्यालाच करावं लागतं, आणि ते करायला त्याला आवडतं, एवढी साधी गोष्ट आहे. चांगल्या लघुपटात पडद्यावर दिसतं त्याहून कितीतरी जास्त पडद्याबाहेर ठेवलेलं असतं, पण ते नेमक्या जागी ठेवलेलं असतं. नुसतं काढून टाकलं की झालं असं नाही. डाग दिसला पाहिजे.

इथे कुणी लघुकथेचा दाखला देईल. दाखला चांगला आहे, पण पुरा पडत नाही. कथा वाचताना वाचक एखाद्या वाक्यापाशी थांबतो, मागे जातो, पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघतो. गती त्याच्या हातात असते. चित्रपटगृहात गती आमच्या हातात असते. विचार करायला प्रेक्षकाला वेळ द्यायचा असेल तर तो आम्हालाच मोजून द्यावा लागतो, सेकंदांत. म्हणून लघुपटातली शांतता ही रिकामी जागा नसते. ती कापलेली, जोडलेली, ठरवलेली असते. दीर्घ चित्रपटात एखादं दृश्य चार सेकंद जास्त रेंगाळलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आठ मिनिटांच्या लघुपटात ते चार सेकंद खुपतात.

जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेमा, म्हणजे बोलपटाच्या गतीने मिनिटाला नव्वद फूट. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटांत संपायचं. चॅप्लिन यांनी १९१७ साली ‘द इमिग्रंट’ हा दोन रिळांचा चित्रपट केला, तेव्हा त्यासाठी सुमारे नव्वद हजार फूट चित्रण केलं होतं आणि त्यातून दोन हजार फुटांच्या आत ठेवलं. म्हणजे पंचेचाळीस फुटांतला एक फूटसुद्धा नाही. गंमत म्हणजे आज चित्रपटात नंतर येणारा उपाहारगृहाचा प्रसंग आधी चित्रित झाला होता. ही माणसं इथे आली कुठून, याचं उत्तर शोधताना पुढे स्थलांतरितांना अमेरिकेत आणणाऱ्या बोटीचा भाग सुचला आणि तो सुरुवातीला लागला. कमी लांबी म्हणजे कमी मेहनत असं ज्यांना वाटतं त्यांनी हा नव्वद हजारांचा आकडा लक्षात ठेवावा.

कापण्याचंच गुणगान चाललंय असं वाटेल, म्हणून उलट उदाहरणही देते. इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तमी यांचा पहिलाच लघुपट, १९७० चा ‘ब्रेड अँड अॅली’. पाव घेऊन घरी निघालेला मुलगा आणि गल्लीत आडवा आलेला कुत्रा. छायाचित्रकार अनुभवी होता. मुलगा आणि कुत्रा यांचे वेगवेगळे शॉट घेऊन ते जोडू, असं त्याचं म्हणणं होतं. कुणीही तेच सुचवलं असतं, मीसुद्धा. किआरोस्तमी यांनी दोघांना एकाच शॉटमध्ये धरण्याचा हट्ट सोडला नाही. त्यामुळे आपली भीती खरी राहते. कुत्रा आणि पोरगं खरोखर एकाच गल्लीत आहेत हे डोळ्यांना कळतं. कट हा बरेचदा सोपा मार्ग असतो, हे संकलकानेच सांगितलेलं बरं.

आणि पटकथा म्हणजे संवाद असं समजणाऱ्यांसाठी ‘द रेड बलून’. फ्रेंच दिग्दर्शक आल्बेर लामोरीस यांचा १९५६ चा, चौतीस मिनिटांचा. एक मुलगा आणि त्याच्या मागे मागे फिरणारा लाल फुगा. बोलणं जवळपास नाहीच, आणि पुढच्या वर्षी ऑस्करच्या समारंभात सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचा पुरस्कार याला मिळाला, तोही पूर्ण लांबीच्या चित्रपटांशी स्पर्धा करून.

आता थोडी चिडचिड. पहिल्या फेरीत जे येतं त्यातलं निम्मं गजराच्या घड्याळाने सुरू होतं. गजर वाजतो, हात येतो, घड्याळ बंद होतं, नायक उठतो, आरशात बघतो. दहा मिनिटांतली दीड मिनिटं गेली आणि आपल्याला कळलं काय, तर माणूस झोपेतून उठला. मग आकाशातून ड्रोनने घेतलेलं शहर, कारण ड्रोन मिळाला होता. बारा मिनिटांच्या चित्रपटाला तीन मिनिटांची श्रेयनामावली, त्यात सगळ्या नातेवाइकांचे आभार. ऑस्करसाठी लघुपटाची मर्यादा चाळीस मिनिटांची आहे आणि ती श्रेयनामावली धरून आहे, एवढं तरी पोरांनी ध्यानात घ्यावं. आणि सर्वांत मोठा रोग म्हणजे शेवटचा धक्का. जिच्याशी तो इतका वेळ बोलत होता ती मेलेलीच होती, किंवा हे सगळं स्वप्न होतं. असा चित्रपट दुसऱ्यांदा बघवत नाही, कारण त्याने आपल्याकडून काही करून घेतलेलं नसतं, फक्त लपवलेलं असतं. लपवणं आणि वगळणं यांतला फरक ज्याला कळला त्याचा लघुपट मी सहसा पुढच्या फेरीत पाठवते, मग कॅमेरा हलत का असेना.

पण या पोरांची बाजूही मांडली पाहिजे. लघुपटाने पैसा जवळपास मिळत नाही. त्याचा एक फायदा असा की शेवट गोड करा म्हणून कुणी डोक्यावर बसत नाही. तोटा असा की चित्रपट दाखवायचा कुठे, हा प्रश्न सुटतच नाही. एके काळी मुख्य चित्रपटाच्या आधी लघुपट लागायचा. प्रेक्षक वैतागत असेल, पण बघायचा. आता तो बहुतेक ठिकाणी गेला. अनेक महोत्सवांची अट असते की चित्रपट आधी इंटरनेटवर आलेला नसावा. त्यामुळे चांगला लघुपट वर्ष-दोन वर्षं पेटीत पडून राहतो, मोजक्या लोकांना दिसतो, आणि शेवटी यूट्यूबवर येतो तेव्हा त्याच्याबद्दल सांगणारं कुणी उरलेलं नसतं. शिवाय कार्यक्रम लावणाऱ्याला दीड तासाच्या खेळात पाच-सहा चित्रपट बसवायचे असतात. तीस मिनिटांचा एक घेतला की दहा मिनिटांचे तीन वगळावे लागतात, म्हणून मधल्या लांबीच्या चांगल्या कामाची नेहमी कुचंबणा होते. ‘द रेड बलून’सुद्धा आज या चाचणीत अडखळला असता.

याच कारणाने आपल्याला लिहायला बसले. आपलं दैनिक दर शुक्रवारी तीन-तीन नव्या चित्रपटांची परीक्षणं छापतं. पडद्यावरून आठवड्यात उतरणाऱ्या चित्रपटांनाही त्यात जागा मिळते. त्याच पानावर दर आठवड्याला एका लघुपटासाठी दोनशे शब्द ठेवता येतील का? नवाच असला पाहिजे असं नाही. तो किती मिनिटांचा आहे आणि कुठे बघायला मिळेल, हे आधी सांगावं. कथानक पूर्ण सांगू नये. आठ मिनिटांच्या चित्रपटात शेवट सांगितला की काही उरत नाही. ‘या दिग्दर्शकाकडून भविष्यात मोठ्या अपेक्षा आहेत’ हे वाक्य कुणी लिहिलं तर आपण संपादकाच्या अधिकारात ते काढून टाकावं. तारेही देऊ नयेत.

पहिल्या आठवड्यासाठी नाव हवं असेल तर ‘नेबर्स’ घ्या. परीक्षण लिहिणाऱ्याला तो दोनदा बघायला सांगा, त्यातलं एकदा डोळे मिटून.

आपली,
एक निवृत्त चित्रपट-संकलक